मधली पट्टी

विळीचं काम झालं की ती आडवी करून ठेवायची, हे मराठी घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं जातं. मिटणारी असेल तर मिटायची, नसेल तर पातं भिंतीकडे करून आडवी. मालवणी घरातल्या आदाळ्यालाही, म्हणजे तिथल्या विळीलाही, हाच नियम. विळी घराबाहेर पडत नाही, म्हणून तिचं एवढ्यावर भागतं. कोकणात माडावर चढणारा गडी कोयती आकडीत अडकवतो. आकडी म्हणजे कमरेला पाठीमागे बांधलेला लाकडाचा खाचेचा तुकडा. कोयतीचं पातं तिथे उघडंच असतं, पण ते कुठे आहे हे त्या गड्याच्या अंगाला ठाऊक असतं.

छोट्या सरळ सुरीचं तसं नाही. ती माणसाबरोबर शेतात जाते, डोंगर चढते, वाकताना आणि बसताना कमरेलाच असते. धार सतत अंगाजवळ आणि लक्ष दुसरीकडे, अशी तिची अवस्था. तिला झाकावंच लागतं आणि हजारो वर्षं माणूस तिला मुख्यतः चामड्यात झाकत आला आहे. या प्रकरणात आपण तसं एक म्यान हातानं शिवणार आहोत. पण चामडं कापण्याआधी एक प्रश्न मनात पक्का करून ठेवायला हवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो. तो प्रश्न असा: धार कुठे जाते?

मला हा प्रश्न माझ्या पहिल्या म्यानानं शिकवला. गावच्या लोहारानं ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलेली एक सुरी माझ्याकडे आहे. पातं दहा सेंटिमीटरचं, मूठ बाभळीची. तिच्यासाठी मी जुन्या पिशवीचं मऊ चामडं कापलं, दोन तुकडे एकमेकांवर ठेवले आणि कडेनं शिवून टाकले. दिसायला छान झालं होतं. तीन-चार आठवड्यांनी शेतात उकिडवी बसले तेव्हा मांडीला काहीतरी टोचलं. टाके आतून एकेक करत कापले गेले होते आणि सुरीचं टोक शिवणीतून बाहेर आलं होतं. जखम लहान होती. ते म्यान घेऊन मी कोल्हापुरातल्या एका चप्पल कारागिराकडे गेले. त्यांनी म्यानाच्या तोंडातून आत एक बोट घातलं, फिरवलं, आणि विचारलं, “ताई, मधली पट्टी कुठं हाय?”

मधली पट्टी म्हणजे दोन थरांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूनं बसवलेली चामड्याची तिसरी, अरुंद पट्टी. बाहेरून ती कडेच्या एका रेघेएवढीच दिसते. पण सुरी म्यानात जाते तेव्हा धार टाक्यांवर न येता या पट्टीवर येते. धाग्याला धार लागली तर धागा तुटायला वेळ लागत नाही, आणि धागा तुटला की म्यान हे दोन सुट्या तुकड्यांखेरीज काही उरत नाही. सुरीला जागा मिळावी म्हणूनही ही पट्टी लागते. पात्याला जाडी असते, आणि दोन सपाट थर थेट एकमेकांना शिवले तर ती जाडी शिवणीवर ताण देत राहते. म्यानाचा सगळा भार एका न दिसणाऱ्या तुकड्यावर आहे, हे मला त्या बोटानं दाखवलं.

जगात ठिकठिकाणी लोकांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याला पुढे ओत्झी हे नाव मिळालं. त्याच्याजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाचं पातं असलेला खंजीर होता आणि त्या खंजिराला म्यान होतं. ते चामड्याचं नव्हतं, लिंडन झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांचं विणलेलं होतं. म्यान ही धातूच्या पात्याबरोबर आलेली गोष्ट असावी असं वाटतं, पण इथे दगडाच्या पात्यालाही म्यान होतं.

मला जास्त बोलकी वाटतात ती इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या पोटातून निघालेली म्यानं. तिथल्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात मोठं उत्खनन झालं आणि व्हायकिंगांच्या वेळचं गाव उघडं पडलं. जमीन ओली आणि प्राणवायूविना घट्ट दबलेली होती, त्यामुळे कमावलेलं चामडं हजार वर्षं टिकलं. जोडे टिकले, पट्टे टिकले, सुऱ्यांची म्यानंही टिकली. तागासारख्या वनस्पतीचा धागा मात्र अशा मातीत कुजून जातो. म्हणून अशा म्यानांत शिवण दिसत नाही, फक्त टाक्यांच्या भोकांची ओळ दिसते. लंडनमध्ये थेम्सकाठच्या चिखलातूनही मध्ययुगीन म्यानं मोठ्या संख्येनं निघाली. त्यांतल्या कित्येकांची शिवण मागच्या बाजूला मधोमध आहे, म्हणजे धारेच्या वाटेतून बाजूला नेलेली. नक्षीही दोन भागांत विभागलेली असते: वर मुठीच्या जागी एक, खाली पात्याच्या जागी दुसरी. चामडं ओलं असताना सुरीवर दाबून बसवलेलं असल्यानं तिचा आकार त्यात उमटून राहतो. सुरी हरवलेली असली तरी ती केवढी होती, तिची पाठ सरळ होती की उतरती, हे म्यानावरून सांगता येतं.

फिनलंडची पूक्को ही छोटी सुरी घ्या. तिच्या म्यानात, म्हणजे तुप्पीत, आत लाकडाचा एक कोरलेला साचा बसवतात. त्याचं नाव लेस्ता. पातं लाकडात जातं, चामड्याला धारेचा स्पर्शच होत नाही. मग चामडं ओलं करून सुरी आणि लेस्ता यांच्याभोवती गुंडाळायचं, मागच्या बाजूनं ताणून शिवायचं आणि वाळू द्यायचं. वाळताना ते आवळतं. मुठीचा बराच भाग म्यानाच्या आत जातो, आणि केवळ त्या आवळण्यानं सुरी जागेवर राहते. बटण नको, फास नको. मधल्या पट्टीची गरज इथे लाकडानं संपवली आहे.

नेपाळी खुकरीचं दाप, म्हणजे म्यान, याच जातीचं. लाकडाचे दोन अर्धे भाग आतून कोरून जोडतात आणि त्यांवर म्हशीचं चामडं चढवतात. मागे दोन छोट्या पात्यांनाही जागा असते: कर्दा हे लहान कामाचं पातं, आणि चकमक हे बोथट, धार लावायला आणि ठिणगी पाडायला. खुकरी वापरणाऱ्याला पहिला धडा असा देतात की ती उपसताना दाप धारेच्या बाजूनं मुठीत आवळायचं नाही, पाठीच्या बाजूनं धरायचं. वाकडं पातं बाहेर येताना धार म्यानाच्या भिंतीवर घासते, आणि जुनं दाप कापलं गेलं तर पलीकडे बोटंच असतात.

खुकरीचं पातं घडवणारे कामी आणि दाप मढवणारे सार्की. नेपाळच्या जातव्यवस्थेत दोघांनाही अस्पृश्य मानलं गेलं. आपल्याकडे कातडं कमावणारे ढोर आणि शिवणारे चर्मकार यांच्या वाट्यालाही तेच आलं. संत रोहिदासांचं नाव घेतलं की भोक पाडायची आरी आणि कापायची रापी आठवतात, पण या दोन हत्यारांनी काय काय होतं, कोणतं चामडं कशाला चालतं, टाका केवढा असावा, हे मराठीत लिहून ठेवलेलं शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. ज्यांना हे येत होतं त्यांच्यापर्यंत लेखणी पोचू दिली नाही, आणि ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांनी या हातांकडे पाहिलं नाही. आपल्या भाषेचं हे मोठं नुकसान आहे असं मी मानते. म्हणून या प्रकरणात जिथे कारागिरांचा शब्द आहे तिथे मी तोच वापरला आहे.

आता चामड्याकडे येऊ. माझी पहिली चूक मधल्या पट्टीची होती, दुसरी चामड्याची.

हिरड्याचा तुकडा चघळून पाहा. जीभ आणि गाल आतून ओढल्यासारखे, कोरडे होतात. याला आपण तुरट म्हणतो. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो. कातडं कमावताना हौदात घडतं ते जवळपास हेच. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे प्रथिन. त्याचे तंतू दोरखंडासारखे एकमेकांत विणलेले असतात. कातडं तसंच ठेवलं तर कुजतं आणि वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरत ठेवलं की टॅनिन तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना धरून ठेवतं. मग ते कुजत नाही आणि वाकतंही. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक चामडं असं बाभूळ-हिरड्यात कमावलेलं असतं. दक्षिणेत याच कामासाठी तरवडाची साल वापरत. आपल्या माळांवर पिवळ्या फुलांनी भरून जाणारा तरवड तो हाच. या पद्धतीत वेळ फार जातो. आठवडे लागतात, जाड कातड्याला महिनेही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची रीत आली. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम दिवसावर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं असंच बनतं: मऊ, लवचीक, पाण्याला न घाबरणारं. पिशवी, जाकीट, सोफा यांना ते उत्तम. म्यानाला मात्र नको. म्यानाच्या चामड्यानं ओलं झाल्यावर आकार घ्यायला हवा आणि वाळल्यावर तो सोडता कामा नये. सालीत कमावलेल्या चामड्याचे तंतू पाण्यानं सैल होतात, सरकतात, आणि पाणी गेलं की नव्या जागी एकमेकांना धरतात. क्रोमचं चामडं दाबलं तर दबतं आणि सोडलं की पुन्हा पूर्ववत होतं. शिवाय त्यातल्या क्षारांनी पोलादाला गंज चढू शकतो.

दुकानात दोन्हींतला फरक ओळखायला कापलेली कड पाहावी. क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर राखाडी असतो, सालीच्या चामड्याचा वरपासून खालपर्यंत तपकिरी. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं चामडं तो पिऊन टाकतं आणि तेवढी जागा गडद होते. वासही सांगतो, पण तो शब्दांत सांगणं कठीण. एकदा कोल्हापुरी चपलांच्या दुकानात उभं राहिलं की नाकाला कळतं.

जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर. याहून पातळ असेल तर म्यान लिबलिबीत होतं, आणि जाड असेल तर घडी घालताना वरची बाजू तडकते. तुकडा घेताना जनावराच्या पाठीकडचा मागावा. पोटाकडचं चामडं सैल आणि ताणलं जाणारं असतं, त्यात सुरी काही दिवसांनी डुगडुगू लागते. तोंडानं सांगण्याइतकं हे सोपं नाही. दुकानदार उरलेले तुकडे देतो आणि उरलेले तुकडे बहुधा पोटाकडचेच असतात. दोन्ही हातांनी ओढून पाहावं.

पहिलं काम कागदावर. जाड पुठ्ठ्याची घडी घालायची, घडीत सुरीची पाठ टेकवायची आणि पुठ्ठा दोन्ही बाजूंनी मिटायचा. घडीत पाठ का, धार का नाही? घडीला शिवण नसते. पाठ बोथट असते, ती घडीला काही करत नाही. उलट ठेवलं तर धार थेट घडीच्या चामड्यावर बसेल आणि रोज थोडी थोडी ती कापत राहील. म्हणून धार शिवणीकडे आणि शिवणीच्या आत मधली पट्टी. सुरीची कड पेन्सिलनं आखायची, तिच्या बाहेर तीन मिलिमीटर मोकळे सोडायचे आणि त्याच्याही बाहेर पट्टीची रुंदी, म्हणजे दहा मिलिमीटर. नवख्याचा हात इथे आखडता राहतो, कारण म्यान अंगाबरोबर बसावं असं वाटत असतं. पण मूठ जाड असते, चामडं स्वतः जाड असतं, आणि घडीतच काही मिलिमीटर खाल्ले जातात. पुठ्ठ्यावर सुरी सैल वाटली तर चामड्यात ती नीट बसते. एक तुकडा वरच्या टोकाला लांब ठेवायचा. तो मागे दुमडून पट्ट्याचं घर होईल.

कापायला रापी किंवा नव्या पात्याचा कटर. एकाच दाबात आरपार कापण्याचा हट्ट धरू नये, दोन-तीन फेऱ्यांत कड सरळ येते. पट्ट्याच्या घराचं टोक रापीनं आतून तासून पातळ करायचं, म्हणजे दुमडल्यावर तिथे गाठ येत नाही. पट्ट्याचं घर आधी शिवून घ्यावं. म्यान मिटल्यावर तिथे हात जात नाही, आणि हे विसरून आख्खं म्यान उसवावं लागलेली मी एकटी नसेन.

मधली पट्टी त्याच चामड्यातून कापायची. तिची बाहेरची कड म्यानाच्या कडेशी जुळते आणि आतली कड धारेच्या वळणाशी. टोकाशी पट्टी वळून पात्याच्या अणीच्या पुढे गेली पाहिजे, कारण सुरी म्यानात घालताना टोकच सगळ्यात आधी चुकतं. वर मुठीपाशी ती तासून निमुळती करायची. पट्टी दहा मिलिमीटरची आणि टाक्यांची ओळ कडेपासून चार मिलिमीटरवर असेल, तर धार आणि धागा यांच्यामध्ये सहा मिलिमीटर चामडं राहतं. सगळ्या म्यानाचं आयुष्य त्या सहा मिलिमीटरांत आहे.

चिकटवायला चपलेच्या कामात वापरतात ते सोल्युशन चालतं. चामड्याची वरची बाजू गुळगुळीत असते, तिथे ते नीट धरत नाही. म्हणून चिकटायची जागा घासून खरबरीत करावी. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. सोल्युशन फक्त शिवेपर्यंत तुकडे जागेवर ठेवण्यासाठी आहे. म्यान धरून ठेवायचं काम धाग्याचं.

आता शिवण, आणि इथे घाई करायची नाही. शिवणयंत्राच्या टाक्यात दोन धागे असतात, वरचा वर आणि खालचा खाली, आणि ते चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. हाताच्या टाक्यात एकच धागा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. म्हणजे धाग्याचं प्रत्येक टोक संपूर्ण शिवण एकट्यानं चाललेलं असतं. एक टाका कापला गेला तरी दुसऱ्या टोकाचा धागा सगळं धरून राहतो. खोगीर शिवणाऱ्यांचा हा टाका आहे. घोडा धावत असताना पट्टा सुटून चालणार नाही, म्हणून तो रूढ झाला.

धागा किती घ्यायचा? शिकवणारे शिवणीच्या चौपट सांगतात. पाकीट शिवताना ते बरोबर येतं, म्यानात अर्ध्या वाटेत धागा संपतो. हिशोब करून पाहू. शिवण वीस सेंटिमीटर, टाका चार मिलिमीटरचा, म्हणजे पन्नास टाके. चामड्याचे तीन थर मिळून जाडी झाली सुमारे दहा मिलिमीटर. प्रत्येक टाक्याला सुई चार मिलिमीटर पुढे जाते आणि दहा मिलिमीटर आरपार जाते. चौदा मिलिमीटर गुणिले पन्नास म्हणजे सत्तर सेंटिमीटर, आणि हे एका सुईचं. दोन्हींचं एकशे चाळीस. सुया ओढायला हातात राहणारा धागा प्रत्येक बाजूला वीस सेंटिमीटर धरला की एकूण एकशे ऐंशी. म्हणजे शिवणीच्या नऊपट. जाडी वाढली की धागा झपाट्यानं वाढतो.

धागा अळशीचा असेल तर मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा. मेणानं तो सहज कुजत नाही, भोकात घट्ट बसतो आणि टाका ओढल्यावर मागे सरकत नाही. दहा मिलिमीटर जाडीतून आरी सरळ नेणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. समोरच्या बाजूनं भोकं ओळीत पडतात आणि मागे पाहावं तर नागमोडी. आरी चामड्याला अगदी काटकोनात हवी, आणि ते डोळ्यांपेक्षा कोपराला कळतं. कित्येकजण लहान ड्रिलनं भोकं पाडतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण आरी चामडं फारसं कापत नाही, तंतू बाजूला सारते. नंतर ते तंतू परत येऊन धाग्याभोवती मिटतात. ड्रिलचं भोक उघडं राहतं. मी पहिली काही म्यानं ड्रिलनं केली आणि मग आरीकडे वळले.

शिवताना क्रम एकदा ठरवला की मोडायचा नाही. डावी सुई आधी तर प्रत्येक भोकात डावीच आधी, आणि दुसरी सुई पहिल्या धाग्याच्या त्याच बाजूनं. असं केलं तर टाके एका कलानं पडतात. एखाद्या भोकात क्रम चुकला तर तो टाका वेगळा दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. ओढ दोन्ही हातांची सारखी हवी. दुसरी सुई पहिल्या धाग्यातून आरपार गेली तर धागा अडकतो आणि ओढल्यावर चिरतो, म्हणून दुसरी सुई घालताना पहिला धागा किंचित मागे ओढून ठेवावा. शेवटी तीन टाके उलट येऊन धागा कापायचा. गाठ मारायची नाही.

म्यान शिवून झालं की ते पाण्यात बुडवायचं. कोमट पाणी, मिनिटभर. बुडबुडे येतात आणि थांबतात. मग बाहेर काढून ठेवायचं, आणि वरचा रंग परतू लागला तरी आत गार लागत असेल तेव्हा आकार द्यायचा. सुरी आधी प्लास्टिकच्या पातळ कागदात नीट गुंडाळायची. हे टाळू नये. लोखंड आणि टॅनिन ओल्यात भेटले की काळं होतं. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून जुन्या काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करत, ती हीच क्रिया. उघडी सुरी ओल्या म्यानात घातली तर आत काळे डाग पडतात आणि पातंही डागाळतं. मेजावर कानशीचा लोखंडी कीस पडलेला असेल तरी ओल्या चामड्यावर दुसऱ्या दिवशी निळेकाळे ठिपके दिसतात. ते निघत नाहीत.

गुंडाळलेली सुरी आत घालायची आणि बोटांनी दाबायला लागायचं. अंगठ्यानं मुठीची कड शोधायची, मूठ संपते आणि पातं सुरू होतं तिथला खळगा दाबून उठवायचा. सुरी जागेवर राहते ती या खळग्यामुळे. नखं लागली तर खुणा कायमच्या राहतात, म्हणून गुळगुळीत हाड किंवा चमच्याची पाठ वापरावी. या अर्ध्या तासात चामडं मातीसारखं वागतं. पुन्हा कधीच नाही. मग सुरी काढून म्यान सावलीत वाऱ्यावर टांगायचं. ऊन, चूल, केस वाळवायचं यंत्र यांपासून दूर. ओलं चामडं तापलं की कोलॅजेनचे तंतू आकसतात. सालीत कमावलेल्या चामड्याचं हे तापमान साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास असतं, आणि एकदा आकसलेलं म्यान परत मोठं होत नाही. एक दिवस, पावसाळ्यात दोन.

वाळल्यावर कड घोटायची. तीन थरांची कड आधी कानशीनं एकसारखी करायची, दोन्ही बाजूंच्या धारा तासायच्या, थोडं पाणी लावायचं आणि गुळगुळीत लाकडानं घासत राहायचं. घासण्याच्या उष्णतेनं आणि दाबानं तंतू निजतात आणि तीन थरांचा एक होतो. शेवटी मेण. ही कड नीट घोटली गेली की मधली पट्टी दिसेनाशी होते. शोधायला गेलं तरच तिच्या दोन बारीक रेघा सापडतात.

तेल कमी. चपलेला आपण सढळ हातानं तेल लावतो, कारण तिनं पायाबरोबर वाकायचं असतं. म्यानानं वाकायचं नसतं. एरंडेलाचा हलका हात बाहेरून एकदा पुरे, त्यावर मेण. आणि सुरी कायमची म्यानात ठेवायची नाही. चामडं हवेतली ओल धरतं, त्यात आम्लाचा अंश असतो. पोलाद त्यात डागाळतं आणि पितळेच्या मुठीवर हिरवा थर येतो. बाहेर जाताना म्यानात, घरी आल्यावर पुसून वेगळी. विळी घरी ज्या शिस्तीनं आडवी होते, तसंच.

माझं दुसरं म्यान घेऊन मी त्याच कारागिरांकडे गेले. त्यांनी सुरी आत घातली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर म्यान उलटं धरून तीनदा हिसडा दिला. सुरी हलली नाही. मग ती काढली आणि तोंडातून बोट आत घालून पट्टीवरून टोकापर्यंत फिरवलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी म्यान कमरेला धरून पाहिलं आणि खाली बसले.

“पट्टी झ्याक हाय,” ते म्हणाले. “पट्ट्याचं घर लई खाली घेतलंसा. म्यान वर चढतंय. खाली बसताना मूठ बरगडीत जाईल बघा.” त्यांनी पेन्सिल घेतली आणि घर कुठे हवं होतं तिथे, चार बोटं वर, रेघ मारली.